कापूस काढायचा नाही

आमची ताई पगारावर आजाऱ्यांची सेवा करायची. लोकांच्या आया, लोकांच्या सासवा. ज्यांना पोटच्या पोरांनी हात लावला नाही, त्यांना हिने न्हाऊ घातलं. लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले, तेव्हापासून आम्ही दोघी आणि आमची भांडणं.

सगळ्यात जास्त वर्षं ती एका बाईंकडे होती. बाई अंथरुणाला खिळलेल्या, डावा पाय तर नुसतं लाकूड. उशाशी छोटी हातघंटी. ती वाजली की ताई हातातला घास टाकून उठायची. घरी असताना रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी ही उभी! मी म्हणायचे, "अगं बस, तुझी नाही ती."

जाण्याआधी बाईंनी ती घंटी ताईच्या हातात दिली. म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुला उठवलं. आता तू वाजव, मी येईन."

दुसरी कुणी डोळे पुसून विसरली असती. ताईने घरी आल्या आल्या आतल्या लोलकाला कापूस गुंडाळला आणि वर दोरा बांधला. म्हणे, चुकून वाजली तर बाईंना तो पाय घेऊन उठावं लागेल. मी कपाळावर हात मारून घेतला.

लोकांना उचलून उचलून ताईचे गुडघे कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर अंथरूण धराल. पैसा होता कुठे? तेवढ्यात शेजाऱ्यांचं कपाट बघायला एक जुन्या वस्तूंचा दुकानदार आला. आमच्या उघड्या दारातून त्याला फळीवरची घंटी दिसली. उलटीसुलटी करून त्याने जी किंमत सांगितली, ती ऐकून मी खालीच बसले.

ताईने बाईंच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आईने दिली ना? मग तुमचीच." मीही तेच म्हणत होते. दिलं ते दिलं. ताईने विकली, पण दुकानदाराला चारदा बजावलं, "कापूस काढायचा नाही."

आणि मग सुरू झालं. ताई जेवताजेवता उठायची. "वाजली," म्हणायची. दुकान कुठे, घर कुठे, मधे अख्खं गाव! शेवटी मी वैतागून तिला रिक्षात घातलं आणि दुकानात नेलं.

कापूस अर्थातच काढलेला होता. दुकानदाराचा चेहरा उतरला होता. "गिऱ्हाईक वाजवून बघतंच हो," तो म्हणाला. "आणि वाजवली की माळ्यावर कुणीतरी उठतं. वर नुसत्या खुर्च्या आहेत."

आम्ही बोलतोय तोवर एका गिऱ्हाइणीने ती उचलून वाजवली. वर लाकूड करकरलं. एक पाऊल पडलं, मग काहीतरी फरफटलं. पुन्हा पाऊल, पुन्हा फरफट. जिन्याकडे. गिऱ्हाईणबाईंना त्याचं काय! "वर माणूस आहे वाटतं तुमचा," त्या म्हणाल्या. "किती सावकाश येतो!" आणि पुन्हा जोरात वाजवली.

ताईने घंटी त्यांच्या हातातून हिसकावली आणि लोलक मुठीत धरला. पावलं जिन्याच्या मध्यावर थांबली. तिथे कुणी दिसत नव्हतं. ताई वर बघून म्हणाली, "बाई, तुम्ही पडा. मी आहे." फरफट हळूहळू वर गेली.

ताईने पैसे परत दिले. दुकानदाराने हातच जोडले. रिक्षात मी तोंड सोडलं. "तुझी वस्तू होती! मेलेल्या माणसासाठी जिवंत पाय घालवतेस?"

"घंटी माझी होती गं," ताई म्हणाली. "बाईंचं येणं माझं कुठे होतं विकायला? कुणीही टिचकी मारावी आणि त्यांनी फरफटत यावं?"

मी घर येईपर्यंत भांडत राहिले.

ताईने अंथरूण धरलंच. घंटी मी उशाशी ठेवली, पुन्हा कापूस गुंडाळून, वर दोरा बांधून. परवा मी भाजी आणायला गेले, परतले तर ताई पलंगावरून खाली पडलेली. पण गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी होती, ताई बाईंना घालायची तश्शीच. चादर आतल्या खोलीतली, कपाटाच्या वरच्या फळीवरची.

"मी नाही वाजवली गं," ताई रडत म्हणाली. "देवाशप्पथ. मी नुसती कण्हले."

मी घंटी बघितली. कापूस तसाच, गाठ तशीच.

आतल्या खोलीत एक पाऊल पडलं, मग दुसरं फरफटलं. मला पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू! पण मी पिशवी खाली ठेवली आणि त्या दाराकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही पडा आता. मी आले आहे."