आडनावं झाकलेल्या मुलाखती

निवड समितीत एक बाई हवी आणि एक मागासवर्गीय हवा, असा नियम आहे. मी दोन्ही आहे. त्यामुळं महाळुंग्याच्या पुढं असलेल्या आमच्या खासगी विद्यापीठाचं एकाच खुर्चीत भागतं, वर एक समोसाही वाचतो. मुलाखतींच्या आदल्या दिवशी ऑफिसातून फोन येतो, "मॅडम, उद्या तुम्ही लागताय." सत्यनारायणाला केळीचे खांब लागतात, तशी मी लागते.

यंदा तर न्याय नुसता उतू चालला होता. गेटवर 'समान संधी'चा भलामोठा बोर्ड. अर्जांवरची आडनावं झाकायची, असं ठरलं. ऑफिसातल्या दोघींनी दोन दिवस बसून पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि उमेदवारांना नंबर दिले. मलाही क्षणभर खरं वाटलं, काय सांगू.

जागा एकच, प्रॉडक्शन इंजिनिअरिंग विभागातल्या प्राध्यापकाची, कायमची. सात नंबरची बाई नऊ वर्षं आमच्याकडंच तासावर शिकवत होती. दापोडीहून दोन बस बदलून यायची. पोरांना चाकणच्या कारखान्यांत नेऊन मशिनसमोर उभं करणारी विभागात ती एकटीच. बाकीचे फळ्यावर मशिन काढतात. पुढच्या वर्षी ती संस्थेच्या वयाच्या अटीबाहेर जाणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

अध्यक्ष पुण्याचे एक निवृत्त सर. शेजारी संस्थेचे दादा, ज्यांच्या घरच्या जमिनीवर हे विद्यापीठ उभं आहे. तीन नंबरचा मुलगा आला. विषयातले दोन प्रश्न झाले आणि सरांनी गोड आवाजात विचारलं, "कुलदैवत कोणतं तुमचं?" त्यानं सांगितलं. ते सरांचंही निघालं. मग दहा मिनिटं तिथल्या पायऱ्या, तिथली गर्दी, तिथलं वांग्याचं भरीत. पोरगा कटिंग टूलच्या प्रश्नावर अडखळला होता, ते सगळे विसरून गेले.

मग सात नंबरची. विचारलं ते सगळं तिनं सांगितलं, वर सरांच्या प्रश्नातली एक चूकही हळूच दुरुस्त केली. पुन्हा तोच गोड आवाज.

"मूळ गाव?"

"दापोडी."

"तसं नव्हे, मूळ?"

"आजोबाही दापोडीचेच, सर."

"आणि कुलदैवत?"

"आमच्या घरात देव नाहीत, सर."

"छान, छान," म्हणून सरांनी पेनला टोपण लावलं. त्यांना हवं ते कळलं होतं.

ती बाहेर गेल्यावर मी भडकले. म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ जात विचारा ना."

दादा हसले. "ताई, आमी जात कुटं इचारली? द्येव इचारला."

सरांनी शेरा लिहिला, संवादकौशल्य बेताचं. नऊ वर्षं सगळे अवघड वर्ग तिच्या गळ्यात घालताना हे कौशल्य बरं पुरलं, असंही मी बोलून घेतलं. दादांचा आवाज आणखी मऊ झाला. "तुमच्यातल्या मानसाला घेतलं, तर लोक तुमालाच नावं ठेवत्याल. आमी तुमचाच इचार करतोय." मग तीन नंबरची शिफारस माझ्यापुढं सरकली. माझ्या बढतीची फाइल तीन महिने दादांच्या टेबलावर होती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. महिला प्रतिनिधी म्हणून एक सही, मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून दुसरी. दोन्ही केल्या. स्वतःची किळस आली, पण केल्या.

संध्याकाळी बसस्टॉपवर ती भेटली. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"मॅडम, आत तुम्ही दिसलात आणि धीर आला. आता निकाल काहीही लागू दे. तुम्ही होतात, म्हणजे माझ्यावर अन्याय झाला असं मी कुणापाशी म्हणणार नाही."

हेच ऐकायला मिळावं म्हणून तर संस्थेनं मला तिथं बसवलं होतं.