रेवदंड्याच्या तटावरून निसटलेला दगड

शुक्रवारी बायकोने, सुजाताने, विचारलं, "उद्या कुठं जायचं?" मी रेवदंडा म्हणालो. त्यामागे इतिहासप्रेम नव्हतं. हा किल्ला समुद्रकाठी सपाटीवर आहे आणि माझ्या गुडघ्यांना एवढं पुरे होतं.

पनवेलहून सकाळी साडेसहाला निघालो. वडखळला मिसळ खाल्ली. (ट्रकवाले गर्दी करतात तिथेच शिरा.) दहाच्या आत नागावला पोचलो. नारळाच्या वाडीतली घरगुती खोली, माणशी दीड हजार, जेवण धरून. सुरमई अशी होती की पुढे जे घडलं त्यात तिच्या वजनाचाही हात असावा.

चारला चौलमार्गे रेवदंड्यात आलो. पोर्तुगीजांच्या या किल्ल्याच्या आत गावच वसलंय. घरं, सुपारीच्या वाड्या आणि मधूनच पडके मनोरे. समुद्राच्या बाजूचा तट बाहेरून, वाळूकडून, एके ठिकाणी ढासळून पायऱ्यांसारखा झालाय. खाली 'तटावर चढू नये' असा फलक आहे. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, लोक कसे बेजबाबदार असतात यावर सुजाताला दोन मिनिटं ऐकवलं आणि मग वरून समुद्र कसा दिसतो ते "जरासं" बघायला चढलो.

वर हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. सुजाता फोटो काढत होती. पोट आत घेण्यासाठी एक पाऊल मागे टाकलं आणि पायाखालचा दगड निसटला.

खालून किंकाळी आली. तटाच्या आतल्या बाजूच्या वाडीत एक बाई झावळ्या गोळा करत होत्या. दगड त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडला होता.

"लागलं का हो?" मी वरूनच ओरडलो.

"न्हाय लागलं. पण तुमी हालू नका आता. आनखी पाडाल!"

मला हलता येतच नव्हतं. त्या बाई, कुंदाताई, वळसा घालून आल्या आणि खालून सांगू लागल्या, "बसा. डावा पाय खाली. त्यो न्हाय हो, डावा!" बसून, सरपटत, पँटचा मागचा भाग किल्ल्याला वाहून मी खाली आलो.

वाडीत जाऊन तो दगड उचलायला वाकलो, तर त्यांनी अडवलं.

"राहू द्या. तुमी कसातरी ठेवाल नि पावसात परत पडंल. पानी आत शिरलं की भिंतच बसते. दर्याचं वारं हीच आडवते, म्हणून आमचं घर उभं हाय." त्यांचं कौलारू घर तटापासून वीस पावलांवर होतं.

तेवढ्यात वर हसण्याचा आवाज आला. एक तरुण जोडपं माझ्याच वाटेने चढत होतं.

मी धावत जाऊन ओरडलो, "उतरा खाली! दिसत नाही का फलक?"

"काका, आत्ता तुम्हीच वर होतात ना?" मुलगी म्हणाली. "तुम्हाला बघूनच आलो."

आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझा आदर्श समोर ठेवला होता. मी त्यांना कुंदाताई, त्यांचं घर, पडलेला दगड, सगळं दाखवलं. मुलगी गुपचूप उतरली. मुलाने विचारलं, "तुमच्यामुळे पडला?" "हो," म्हणालो. मग तोही उतरला.

रविवारी किहीमला जायचं होतं, पण गेलो नाही. कुंदाताईंकडे चहा घेतला आणि परतलो. तुम्ही रेवदंड्याला जरूर जा. संध्याकाळचा समुद्र तटाच्या पायथ्यापासूनही तेवढाच दिसतो. मी दोन्हीकडून पाहिलाय.

माझं खरचटलेलं चार दिवसांत भरलं. तटातलं भगदाड मात्र आपोआप भरणार नव्हतं, म्हणून परतल्यावर सोमवारीच किल्ल्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयात फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी जागा नीट लिहून घेतली. मग विचारलं, "दगड पाडला कोणी, कळलं का?"

सुजाता समोरच बसली होती.

"लिहून घ्या," म्हणालो आणि माझं पूर्ण नाव सांगितलं.