भिंगवाले आणि तेल्हाऱ्याची नोंद

ये, अशी जवळ बस. पाय वर घे, फरशी गार आहे. आठ महिन्यांत एक फोन नाही, आणि आज कागद अडले तशी काकू आठवली. असू दे, रागावून झालं माझं. तू ज्यांचा पत्ता विचारतेस ते भिंगवाले मागच्या उन्हाळ्यात गेले. खरं सांगू, असते तरी तुला त्यांच्याकडे पाठवताना मी दहादा विचार केला असता. एवढा तोंडाळ माणूस अख्ख्या अकोल्यात नव्हता.

कलेक्टर कचेरीबाहेर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल असायचं. परदेशी जाणाऱ्यांचे दाखले तयार करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. आधी नोटरी, मग मुंबईला मंत्रालय, मग परराष्ट्र खातं आणि शेवटी ज्या देशात जायचं त्याची वकिलात; शिक्क्यावर शिक्का. कागद हातात दिला की नमस्कार नाही, बसा नाही. खिशातून भिंग काढायचे आणि खालच्या ओळीपासून वाचत वर जायचे. मी एकदा विचारलं, असं उलटं का? म्हणाले, "वरती सारेच खरं लिहितात, बाई. खोटं खाली बसलेलं असते."

जठारपेठेतले एक प्राध्यापक मुलाचे कागद घेऊन आले होते, माझ्या पुढेच उभे होते. भिंगवाल्यांनी फाईल परत सरकवली. "पोराची जन्मतारीख दोन कागदांवर दोन हाय. कोणत्या दिवशी पेढे वाटले ते घरी ठरवा, मग या." लोक हसले. तो भला माणूस कानापर्यंत लाल झाला. मीही हसले होते. पुढचा नंबर माझाच आहे हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

माझ्या मंजूला पाचवा महिना लागला होता. ती तिकडे आखातात. सासू नाही, जावई बारा तास कामावर. तुझे काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, म्हणजे बाळंतपणाला जाणारी मी एकटीच. व्हिसासाठी मंजूचा जन्माचा दाखला वकिलातीतून साक्षांकित करून हवा होता, तिची आई मीच हे दाखवायला. तोवर तिचं सगळं शाळेच्या दाखल्यावर भागलं होतं. हा दाखला मी पहिल्यांदाच तेल्हाऱ्याहून मागवला आणि न बघता त्यांच्यापुढे ठेवला.

भिंग एका जागी थांबलं. "या कागदापरमाणं तुमी तिच्या माय नाही."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोट ठेवलं. आईचं नाव: कमल. पासपोर्टवर मी वैशाली.

तुला ठाऊक आहेच गं, आमच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा नवं नाव लिहायचा आणि माहेरचं नाव माहेरीच राहायचं. पहिलं बाळंतपणही माहेरी. तेल्हाऱ्याच्या नगरपालिकेत नोंद करायला माझे बाबा गेले. त्यांना वैशाली कोण ठाऊक? त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं.

"अहो, कमल मीच," मी म्हटलं.

"मले माहीत हाय. वकिलातीतल्या माणसाले माहीत हाय का? त्याच्या देशात बायको आणली का तिचं नाव काढून घेतात का? कमलबाईले पाठवा बाळंतपणाले. वैशालीबाईनं घरी बसावं."

नोंद दुरुस्त करा, दोन महिने लागतील, असं म्हणून पुढच्याला हाक मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागानं. पोटच्या पोरीची आई नाहीस म्हणतो हा, तेही चार लोकांत.

मी थेट अमरावती गाठली. तिथला एजंट किती गोड. थंडगार ऑफिस, पाणी, चहा. "काकू, टेन्शनच नका घेऊ. एक प्रतिज्ञापत्र करू, दोन्ही नावं तुमचीच म्हणून." मी भिंगवाल्यांना मनातल्या मनात शिव्या देत सही केली. दोन महिन्यांनी वकिलातीतून कागद परत आले. आईचं नाव जुळत नाही. मंजूला सातवा लागून गेला होता.

पुन्हा त्या कडुनिंबाखाली गेले. कुठं होतात, एवढंही त्यांनी विचारलं नाही. प्रतिज्ञापत्र दोन बोटांत धरलं. "हे तुमीच सांगितलं का मी तीच हावो. चोरही हेच सांगते. लग्नाची पत्रिका हाय का, छापील?"

बाबा भिक्षुकी करायचे. लावलेल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका ते पंचांगाबरोबर बांधून ठेवायचे. भावाकडच्या पेटीत माझीही निघाली: चि. सौ. कां. कमल, आणि शेजारी तुझ्या काकांचं नाव, तेच जे माझ्या पासपोर्टवर नवरा म्हणून आहे. पत्रिका घेऊन तेल्हाऱ्याच्या नगरपालिकेत गेले, तर हा माणूस माझ्या आधीच्या एसटीनं येऊन बाकावर बसलेला. कोणी बोलावलं होतं? कारकून म्हणाला, पंधरा दिवसांनी या. भिंगवाले उठले आणि भिंतीवरच्या सूचना भिंगातून मोठमोठ्यानं वाचू लागले. "ही मुदत मागच्या वर्षीच संपली. याच्यावर तर सहीच नाही. अन् हे कोणी लावलं भाऊ?" माणसं जमली. चारच्या सुमारास कारकुनानं जुनं रजिस्टर काढलं. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात. 'कमल ऊर्फ वैशाली' हे शब्द मी उभ्यानं वाचले. परतीच्या एसटीत मी त्यांना माझ्या डब्यातली भाकर दिली. खाल्ली आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

पुढचे शिक्के भराभर झाले. तरी मी पोचले तेव्हा बाळ अकरा दिवसांचं होतं. दार मंजूनंच उघडलं, भिंतीला धरून. म्हणाली, "आई, पहिली आंघोळ मी मोबाइलवर बघून घातली गं."

तीन महिन्यांनी परत आले ती भांडायलाच गेले त्यांच्याकडे. "तुमच्या नादात माझे अकरा दिवस गेले."

"माह्या नादात नाही. पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर सातव्या महिन्यातच लेकीपाशी पोचल्या असत्या."

मी पिशवी उचलली आणि निघाले. त्यांचं खरं होतं, म्हणून तर आजही राग येतो. पुन्हा त्या बाजूला फिरकले नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरीही गेले नाही. काय म्हणायचं जाऊन? आभार मानायचे राहिले होते, आणि ते त्यांनी घेतले नसतेच.

आता कॉलनीतल्या मुली कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी चहा नंतर देते, आधी चुका काढते. एक-दोघी रुसल्यात. रुसू देत.

तू आज मोबाइलमधले फोटो दाखवतेस, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. नवरा तिकडे वाट बघतोय ना? मग रविवारी ये, मूळ दाखले घेऊन ये, जेवायलाच ये. मी टाकून बोलेन, ते ऐकून घे. माझे अकरा दिवस काही परत आले नाहीत, तुझा एकही जायला नको. ये, रविवार चुकवू नकोस.