गाडीतच ऐकू

एक जुना अल्बम पुन्हा ऐकायला परवाच्या रविवारी मी दौंडहून मोटारसायकलवर निमोण्याला गेलो. बायको म्हणाली, "फोनवर आहे की तो." आहे. पण मला तो मित्राच्या घरात बसून ऐकायचा होता. इतक्या वर्षांत ते एकदाही झालं नव्हतं.

अल्बम एका परदेशी ब्लूज-रॉक बँडचा. त्याची कॅसेट मला दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मिळाली. वडील रेल्वेत खलाशी होते. शेजारच्या ख्रिस्ती गार्डांनी निवृत्त होऊन सामान बांधताना ती माझ्या हातात दिली. कशावरून तरी भरून घेतलेली, त्यामुळे शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. शिरूरच्या कॉलेजात मी ती या मित्राला ऐकवली आणि तो पार येडा झाला. तो निमोण्याच्या बागायतदाराचा मुलगा, गावची सोसायटी त्यांच्याच घरात. मी बौद्ध वस्तीतला. गिटारपुढे हे कुठलं आलंय, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

ऐकायचो त्याच्या ट्रॅक्टरवर. उसाच्या ट्रॅक्टरला असतो तसा दणदणीत टेप त्यानं बसवून घेतला होता. ट्रॅक्टर बांधाला लावायचा, मी मडगार्डवर बसायचो. एका बाटलीतलं पाणी दोघं प्यायचो. कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांच्या दुःखातून हे संगीत आलं, हे मीच त्याला सांगितलं. ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. अमेरिकेतल्या माणसांसाठी त्याचे डोळे लगेच भरायचे.

घरी का ऐकत नाही, हे मी कधी विचारलं नाही. ट्रॅक्टरचा टेप भारी म्हणून, असंच धरून चाललो.

आता त्यानं बंगला बांधलाय. गाण्यासाठी वेगळी खोली, मोठे स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला त्या खोलीत कारखान्याचे दोन संचालक पाय पसरून बसलेले मी पाहिले होते. त्यांना यातलं ओ की ठो कळत नसणार. मग त्याचा फोन आला, "आरं, आपला अल्बम नव्यानं काढलाय त्यांनी. रेकॉर्ड मागवलीय. ये रविवारी." मी इस्त्रीचा शर्ट घातला.

तो फाटकाबाहेर कारमध्येच बसला होता. एसी चालू.

"बस. गाडीतच ऐकू. गाडीची सिस्टीम लय भारी हाय."

"आन् रेकॉर्ड?"

"आत हाय. आबांना आवाज सोसत न्हाई रे."

संचालकांच्या वेळी त्याच्या वडिलांना सोसला असावा. हे मी मनातच म्हटलं आणि बसलो. स्वतःचाच राग आला.

त्यानं फोनवरून अल्बम लावला. सगळं धुऊन-पुसून काढलेलं. टेपची खरखर गेली, ड्रम लख्ख झाले. गायकाचा घसा मात्र तसाच, रडून रडून बसल्यासारखा. मला तो पूर्वी फार खरा वाटायचा. आता वाटलं, या गोऱ्या पोरांनी दुसऱ्याचं रडणं किती झकास उचललंय. शेजारी मित्र डोळे मिटून मान डोलावत होता.

शेवटचं गाणं आलं. कॅसेट जिथं तुटायची तिथं टेप बंद करायच्या जुन्या सवयीनं आम्हा दोघांचेही हात एकदमच बटणाकडे गेले. हसलो. तेवढ्या एका क्षणात मी त्याला सगळं माफ करायला तयार होतो. गाणं पुढं चालू राहिलं.

इतक्यात वहिनी फाटकाशी आल्या. त्यांनी काचेवर टकटक केली, त्यानं काच खाली घेतली.

"अवो, पाव्हण्यांना बाहेर काय बसवलंय? चहा टाकलाय. आत या की."

मी दाराच्या हँडलवर हात ठेवला.

"नको," तो म्हणाला, "त्याला घाई हाय. दौंडला जायचंय."

"मला कसलीच घाई न्हाई, वहिनी," मी म्हणालो.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. त्यानं समोरच्या काचेवरची नजर हलवली नाही. काच वर घेतली आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, आवाज वाढवून.