मास्क वर केलेला सत्तार

सत्तार वेल्डर होता. दीपनगरच्या वीज केंद्रात आम्ही एकतीस वर्षं एकत्र काम केलं. मी फिटर. मी बॉयलरच्या नळ्या जुळवून द्यायचो, तो त्या जोडायचा. नळीची मागची बाजू दिसत नाही, म्हणून तो तिथे छोटा आरसा लावायचा आणि आरशात बघून जोड मारायचा. आरशात हात उलटा चालतो. त्याच्या जोडांचे एक्स-रे निघायचे आणि ते क्वचितच नापास व्हायचे. माझ्या जुळवणीचा एक्स-रे कुणी काढत नसे, हे माझं नशीब.

यंदा आमच्या निवृत्त कामगारांच्या मेळाव्यात त्याचा सत्कार ठरला. त्याच्या फोटोंची फिल्म करायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी हेमांगीने संगणकात सॉफ्टवेअर टाकून दिलं, दोन दिवस शिकवलं. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

सत्तार आता धुळ्याला राहतो. त्याच्याकडे कामावरचे पाचच फोटो होते. चारांत तोंडावर मास्क. पाचव्यात मास्क वर केलेला, चेहरा घामाने निथळलेला, आणि हा हसतोय. त्याच्या बायकोने, अकबरीभाभींनी, तो कपाटातून काढून दिला. बाकीचे दिसोत न दिसोत, हा मात्र पडद्यावर नीट दिसला पाहिजे, एवढंच त्या म्हणाल्या. मी पाचही जळगावला घरी आणून स्कॅन केले आणि पोस्टाने परत पाठवले.

पाच तिथले आणि एकवीस माझ्या अल्बममधले असे सव्वीस फोटो लावले आणि सॉफ्टवेअरच्या छोट्या खिडकीत चालवून बघितले. सगळे धूसर. सत्तारचं हसू वाफेतून दिसावं तसं. मी स्कॅनरला दोष दिला, काच पुसली, अल्बममधले एकवीस पुन्हा स्कॅन केले. तरी धूसरच. मग फोटोतल्या रेघा ठळक करायची एक पट्टी सापडली. खिडकीत स्वच्छ दिसेपर्यंत ती सरकवत गेलो. एकेक फोटो, चार दिवस. मूळ स्कॅनवरच सेव्ह केला, कारण दोन दोन प्रती ठेवणं मला अव्यवस्थितपणा वाटतो. पाठ धरली. पाठ धरली म्हणजे काम चांगलं झालं, असा माझा जुना समज आहे.

गुरुवारी पक्की फिल्म काढली. पन्नास मिनिटं लागली. टीव्हीवर लावली. घामाच्या थेंबांचे खडे झाले होते, मिशीभोवती पांढरी रेघ उमटली होती. प्रमिलाबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, जवळ जाऊन बघितलं आणि अहिराणीत विचारलं.

“हाऊ सत्तारभाऊ शे का करपेल भाकर?”

मी हेमांगीला फोन केला. तिने वहीचं तिसरं पान काढायला सांगितलं. तिथे माझ्याच अक्षरात होतं: छोट्या खिडकीत संगणक फोटो हलके करून दाखवतो, धूसर दिसतील, पक्की फिल्म स्वच्छ निघते. खाली दोन रेघाही मारलेल्या होत्या.

अल्बममधले फोटो घरात होते. सत्तारचे पाचही धुळ्यात. मेळावा रविवारी. शुक्रवारी सकाळची बस धरली आणि सत्तारच्या ओट्यावर बसून सगळं कबूल केलं. त्याने विचारलं.

“अभिमन, गरम जोडावर काळी खपली असताना मी जोड तपासायचो का?”

“नाही. थंड होऊ द्यायचास. खपली ठोकून काढायचास. मग बघायचास.”

“एकतीस वर्षं शेजारी उभा होतास.”

अकबरीभाभींनी पाचही फोटो रुमालात बांधून दिले. या वेळी फोटोंवर मेहनत घेऊ नका, म्हणाल्या.

घेतली नाही. खिडकीत तो हसरा फोटो पुन्हा धूसर दिसला. हात पट्टीकडे गेला, तो मांडीखाली घालून बसलो. मला जमलेलं सगळ्यात अवघड काम तेच.

रविवारी पडद्यावर सत्तार भिंतीएवढा आला. घामाचा थेंब न् थेंब वेगळा, समोरचा दातही किंचित तुटलेला दिसला. फोटो बदलल्यावर अकबरीभाभी मला हात करून म्हणाल्या, मागे न्या, परत दाखवा. मी मागे नेला आणि तिथेच थांबवला.

सत्तारने स्वतःकडे बघितलंच नाही. तो चष्मा पुसून आपल्या खांद्यामागची नळी बघत होता.

“जुळवणी तिरकी होती रे तुझी,” तो म्हणाला. “मी तेव्हाच सांगितलं होतं.”

होती. स्वच्छ दिसत होती.