दादाचा हात आणि गच्चीवरची सायकल

अर्धांगाच्या झटक्यातून दादाचा पाय लवकर सावरला, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. दादाचं चादरींचं दुकान. गिऱ्हाईकासमोर चादर एका झटक्यात उलगडायची आणि बोलता बोलता पुन्हा चौकोनी घडीत आणायची, हे त्याचं काम बघत राहावं असं होतं. तोच हात आता मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. दादाला त्याचा इतका कंटाळा, की चेंडू बहुतेक वेळा खाटेखालीच सापडायचा.

मी त्याची धाकटी बहीण. शुक्रवार पेठेतच पलीकडच्या गल्लीत राहते, त्यामुळं शाळेत शिकवून परतताना रोज त्याच्याकडं चक्कर व्हायची. एका दुपारी गेले तर खाट रिकामी. वहिनीनं वर बोट दाखवलं.

गच्चीवर दादा पाटावर बसला होता आणि समोर माझ्या भाच्याची, म्हणजे दादाच्या मुलाची, जुनी सायकल उलटी उभी होती. जाड टायरची, गिअरची. भाच्यानं ती कॉलेजात असताना कुणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती आणि नोकरीला पुण्याला जाताना गच्चीवर सोडून दिली होती. चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली, टायरला भेगा, सीटवर कबुतरांची विष्ठा. दादानं उजव्या हाताची बोटं पान्याभोवती गुंडाळली होती आणि ती सुटू नयेत म्हणून वरून डाव्या हातानं धरली होती.

"सायकलच्या दुकानात टाक की दादा, ते करून देतील."

"देतील की. मग मी काय करू?" तो म्हणाला.

मी पिशवी ठेवली आणि चाक धरून बसले.

दादाला सायकलीतलं फार कळत होतं असं नाही. भाच्याला फोन लावायचा, मोबाईलवर कुणी खोलताना दाखवलेलं बघायचं, चुकायचं, पुन्हा खोलायचं. सीटचा दांडा नळीत असा गंजून बसला होता की हलेचना. रोज तेल सोडायचं आणि मी एका बाजूनं, वहिनी दुसऱ्या बाजूनं पिळायचं. शेवटी कढत पाणी ओतल्यावर तो कर्रकन फिरला तेव्हा वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या.

खरी परीक्षा पाहिली ती छर्‍यांनी. चाकाच्या आसाभोवतीचे ते बारीक पोलादी गोळे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीसमध्ये एकेक करून परत बसवायचे होते. दादानं डावा हात पाठीमागं घेतला आणि उजव्या हाताच्या चिमटीत छर्रा उचलायला लागला. उचलला की निसटायचा. निसटला की गच्चीभर पळायचा. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला. वहिनी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची, राग किंवा माया दाटून आली की तिच्या तोंडी कन्नड येतं. "साकु! पुरे झालं आता," म्हणत ती छर्‍यांची ताटली उचलायला गेली.

"राहू दे," दादा हळूच म्हणाला. "आत्ता एक बसला बघ."

खरंच एक बसला होता. उरलेले बसवायला कितीतरी दुपारी गेल्या. मी शाळेत दिवसभर मुलांना चिकाटीबद्दल सांगत असते. ती अशी दिसते, हे मी त्या गच्चीवर पाहिलं.

नवे टायर, नवी चेन, ब्रेकचे रबर दुकानातून आणले. वाकडं चाक सरळ करायला मात्र खाली न्यावंच लागलं, ते कारागिराच्या हाताचं काम. तिथं मी सुचवलं, "दादा, दोन्ही ब्रेक आणि गिअरचा खटका डावीकडं घेऊ या."

"नको. डावा सगळं करायला लागला तर उजवा कशाला उठंल?"

त्यानं नवी केबल घालून, तेल देऊन उजवा ब्रेक जमेल तेवढा हलका केला. मग ब्रेक पूर्ण दाबता येईपर्यंत सायकलवर बसायचं नाही, असं स्वतःलाच बजावलं. संध्याकाळी सायकलीशेजारी उभा राहून तो नुसता ब्रेक दाबायचा आणि सोडायचा. चेंडू दाबायला कंटाळणारा हाच माणूस!

थंडीतल्या एका सकाळी त्यानं गल्लीत सायकल काढली. वहिनी पदर खोचून मागं चालायला लागली, नंतर धावायला. कोपऱ्यावर दूधवाला आडवा आला. दादानं ब्रेक दाबला. सायकल थांबली, त्याचा पाय जमिनीला टेकला आणि तो वळून आमच्याकडं बघून असा हसला, की वहिनीनं तिथंच रस्त्यात डोळ्याला पदर लावला.

आता रविवारी तो हिप्परग्याच्या तलावापर्यंत जातो, मी स्कूटीवर बरोबर. हात पूर्वीसारखा झालेला नाही. गारठ्यात बोटं हँडलच्या मुठीवर आखडतात, मग तलावाशी पोचल्यावर डाव्या हातानं ती एकेक सोडवावी लागतात. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. उजव्या हातात चहाचा ग्लास धरतो, थोडा सांडतो आणि पाण्यावरचे पक्षी बघत निवांत पितो.