नसीरभाईंची कणी

पौडच्या बाजारात नसीर मुलाणींची भाताची गिरण होती. तिचं तेलाचं इंजिन म्हातारं. भार पडला की त्याला धाप लागायची. त्याच क्षणी नसीरभाईंचा हात चकतीवर जाऊन तेल वाढवायचा. गप्पा चालू, विडी चालू, हात आपला आपण चालायचा. म्हणून त्यांच्याकडे आंबेमोहर अख्खा निघायचा. पलीकडच्या गिरणीत निघायची ती नुसती कणी, तांदळाचा चुरा.

पासष्टच्या सुमारास आमच्या माळावर सरकारी शेड आली, रॉकेटची इंजिनं तपासायची. मी तिथं फिटर होतो. इंजिन केवढं, तर कळशीएवढं. पण बोलायला लागलं की चार वाड्यांची गुरं दावी तोडायची. एका नळीनं रॉकेल, दुसरीनं आम्ल आत जायचं. जाड भिंतीआडून चकती फिरवून दोन्ही एकदम कमीजास्त करायची: पूर्ण, निम्मं, पाव. या कामाला शेडच्या हैबतराव साहेबांनी नसीरभाईंना उचललं. गिरण रविवारपुरती उरली.

पहिल्याच चाचणीत घोळ झाला. पावावर आणताच इंजिन धुगधुगायला लागलं आणि भाईंचा हात सवयीनं फिरला. भडका उठला, इंजिनाचं तोंड फुटलं. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नसीरभाई, ते किती धुगधुगतं तेच तर मोजायचं होतं. आता एकच इंजिन उरलंय. पुन्हा हात हलला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"डोक्याला कळतंय साहेब," भाई म्हणाले, "हाताला कळंना."

मग त्यांनी हाताला शिकवायला घेतलं. रविवारी गिरणीत घरचंच भात ओतलं, इंजिनाला धाप लागू दिली आणि चकती धरून, ती न फिरवता, घामाघूम होत उभे राहिले. सगळी कणी झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. घरचं वर्षाचं भात असं गेलं. "इंजिन सरकारचं, आन् कणी आमी खायाची व्हय?" त्यांची बायको ताजबी कडाडायची, आणि पुढचं पोतं स्वतःच ओढत आणायची.

दुसरी चाचणी झाली. पूर्ण, निम्मं, पाव. धुगधुग सुरू झाली. मी भाईंच्या हाताकडेच बघत होतो. शिरा तटतटल्या, पण हात हलला नाही. साहेब 'बंद' म्हणाले, तेव्हा चकतीवरची त्यांची बोटं मला सोडवावी लागली. आम्ही दोघंही रडलो, सांगायला लाज कसली?

पुढं शेड दूर कुठं तरी हलली. माळ मुका झाला. अजूनही तिथून जाताना माझा पाय रेंगाळतो.

भाई गिरणीत परतले आणि भलतंच झालं. इंजिनाला धाप लागली की त्यांचा हात चकतीवर नुसता थांबायचा. "दे तेल, दे," ते स्वतःशीच पुटपुटायचे. तोवर कणी झालेली असायची. साळूबाईसारखी जन्माची गिऱ्हाइकंसुद्धा पलीकडच्या गिरणीकडे वळली. मला त्या गिऱ्हाइकांचा भयंकर राग यायचा. पण पाहुण्यांपुढं चुरा कोण वाढणार?

शेवटी एकच गिऱ्हाईक उरलं, ताजबी. घर गिरणीच्या मागंच, तरी भाताची पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं यायची. एकदा मी म्हटलं, "भाभी, अख्खा तांदूळ खावासा वाटत नाही?"

"अख्खा ग्वाड लागत न्हाई आता," ती म्हणाली. मी शेजारीच उभा होतो, तरी ती हे चांगलं ओरडून म्हणाली. इंजिनापाशी भाई होते, त्यांना ऐकू जायला हवं होतं.